पणजोबांकडून आलेली चांदीची मॉर्डन पेन्सिल 1857 सालची आहे, हे कसे ताडून पाहावे?

आपल्या वर्णनानुसार, पेन्सिलीच्या नळीवर ‘एस. मॉर्डन अँड कं.’ हे निर्मात्या कंपनीचे नाव आहे, त्याशेजारी चालता सिंह, बिबट्याचे मुंडके आणि जुन्या जर्मन छपाईच्या वळणाचे लहान ‘बी’ अक्षर असे तीन ठसे आहेत, आणि लंडनच्या वर्षदर्शक अक्षरांच्या तक्त्यात ते अक्षर पाहून आपण 1857 हे साल काढले आहे. तक्ता आपण बरोबर वाचला आहे; मात्र माझ्या मते ही पेन्सिल बरोबर साठ वर्षांनी अलीकडची, म्हणजे 1917 सालची आहे.

सिंहाचा ठसा चांदीत हजारात 925 भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही देतो, आणि बिबट्याचे मुंडके चांदीची शुद्धता तपासणाऱ्या लंडनच्या कार्यालयाचे आहे. हे कार्यालय त्या काळी दरवर्षी एक नवे अक्षर वापरत असे. वीस अक्षरे संपली की वळण बदलून पुन्हा ‘ए’पासून सुरुवात होई. घोटाळा येथेच होतो, कारण 1856 ते 1875 या फेरीत जे वळण होते, जवळजवळ तेच 1916 ते 1935 या फेरीतही आले. ‘बी’ हे दोन्ही फेऱ्यांतील दुसरे अक्षर असल्यामुळे केवळ अक्षरावरून 1857 आणि 1917 यांत निवड करता येत नाही.

निवड करून देतो तो आपल्या पेन्सिलीवर नसलेला चौथा ठसा. ब्रिटनमध्ये 1784 पासून 1890 पर्यंत चांदीच्या वस्तूंवर कर होता, आणि तो भरल्याची खूण म्हणून गादीवरील राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटवले जाई. पेन्सिल 1857 ची असती, तर या ओळीत व्हिक्टोरिया राणीचे मस्तक दिसायला हवे होते. छोट्या वस्तूंना पूर्ण छापांतून सूट मिळे हे खरे, आणि म्हणूनच त्या काळातील पुष्कळ पेन्सिलींवर फक्त निर्मात्याचे नाव आढळते. परंतु सिंह आणि वर्षाचे अक्षर आहे, मस्तक तेवढे नाही, असे असेल तर वस्तू 1890 नंतरची धरावी. अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असे, त्यामुळे नेमके म्हणायचे तर मे 1917 ते मे 1918. माझ्या आजोळच्या एका पेन्सिलीबाबत मीही हीच चूक केली होती आणि मामांना ती भलतीच जुनी म्हणून सांगून बसलो होतो, तेव्हा आपण एकटे नाही.

निर्मात्याच्या नावाने फारसे काही सिद्ध होत नाही. सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी शिसे पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट 1822 मध्ये घेतले. मॉर्डन 1843 मध्ये वारले, तरी त्यांच्या नावाची कंपनी 1941 मध्ये लंडनचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त होईपर्यंत चालू होती. कोरलेली आद्याक्षरेही पुरावा म्हणून धरू नयेत, कारण ती कोणीही केव्हाही कोरून घेऊ शकतो. कुठे ‘आरडी’ या अक्षरांपुढे क्रमांक दिसला, तर तो 1884 पासून सुरू झालेल्या नोंदणीतील नमुन्याचा क्रमांक असतो. त्यावरून नमुना केव्हा नोंदवला गेला ते कळते, ही विशिष्ट पेन्सिल केव्हा घडली ते नव्हे.

निष्कर्ष पक्का करण्याआधी मस्तकाचा ठसा झिजून गेलेला नाही ना, हे मात्र पाहावे. सराफाकडील दहापट भिंग घ्यावे, ठशांवर हलकी फुंकर मारून वाफ धरू द्यावी आणि बाजूने तिरपा उजेड पाडावा. पुसट कडाही उठून दिसतात. तोवर देवाची भांडी घासतो तशी रांगोळी लावून पेन्सिल घासू नये, कारण ठशांचा नाश बहुधा अशाच आवेशी सफाईने होतो. मऊ कोरडे फडके पुरेसे आहे.

आत हल्लीचे 0.5 मिलिमीटरचे शिसे घालून पाहू नये. तसे बारीक शिसे 1960 च्या दशकातील आहे. ते या पेन्सिलीत सैल राहील आणि त्याचे तुकडे आत अडकतील. आधी तोंडाचे छिद्र व्हर्नियरने मोजावे. ते 1.18 मिलिमीटरच्या आसपास भरले, तर त्या मापाचे शिसे आजही विकत मिळते.