ट्रॉलीचा गंज हाताने काढायचा असेल तर

दादा, दिवाळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दिलेल्या रंगाचे पावसाळ्यात पोपडे निघाले आणि शेतात लाइट नसल्यानं ग्राइंडर चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हाताने नक्की होईल. रंगाला दोष देऊ नका. तो गंजाच्या सैल खपलीवर बसला होता, खपली सुटली तसा तोही गेला.

तारेचा ब्रश हातात घेण्याआधी ट्रॉली धुवा. तुमच्या ट्रॉलीतून युरिया, डीएपी जातं. त्याचे क्षार फळ्यांच्या सांध्यांत आणि बिजागऱ्यांत बसतात, रंगाखालून ओल ओढतात आणि गंज पुन्हा सुरू होतो. धुऊन पूर्ण वाळू द्या. मग जॅक आणि अ‍ॅक्सलजवळचं ग्रीस टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसा, चिंधी बदलत राहा. ग्रीस तसंच ठेवून ब्रश मारला तर ते गंजाच्या खड्ड्यांत भरतं आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, तिथे धरत नाही.

जाड पापुद्रे छन्नी-हातोडीनं ठोकून पाडा, नंतर स्क्रेपर, शेवटी ब्रश. वेल्डिंगचे जोड आणि खालचे कोपरे यांना सगळ्यात जास्त वेळ द्या, रंग पहिल्यांदा तिथूनच सुटतो. एकाच जागी ब्रश घोटत बसलात तर गंज निघत नाही, उलट गुळगुळीत होऊन तपकिरी चमकतो. त्यावर प्रायमरला पकड मिळत नाही. तिथे ८० नंबरचा पॉलिश पेपर चालवा.

किती घासायचं? रंगाआधी लोखंड किती साफ हवं हे सांगणाऱ्या आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात हाताच्या आणि यंत्राच्या अवजारांनी केलेल्या सफाईसाठी एसटी २ आणि एसटी ३ असे दोन दर्जे आहेत. गंजाचा शेवटचा कण निघालाच पाहिजे अशी अट दोन्हीत नाही, पण सैल काहीही राहता कामा नये. बोथट पुट्टीपट्टी कडेखाली घालून उचलून पाहा. जे उचकटतं ते काढायचं, जे घट्ट बसलंय ते राहू द्यायचं. जुना रंगही याच कसोटीवर ठेवा किंवा काढा. राहिलेल्या रंगाची कड पेपरनं उतरती करा, नाहीतर नवा रंग त्या पायरीवर तडकतो.

मास्क लावाच, पोरांना लांब ठेवा. जुन्या रंगाच्या धुळीत शिसं हा विषारी धातू असू शकतो. घरगुती रंगांत शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर आहेत. म्हणून जुना रंग कोरडा न घासता पेपर ओला करून घासा आणि लगेच पुसून वाळवा.

घासलेला भाग त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरनं झाका. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, त्या तापलेल्या पत्र्यावर प्रायमर नीट पसरायच्या आत सुकतो. सकाळी किंवा सावलीत लावा. जोड, कडा आणि खड्ड्यांत आधी ब्रशनं दाबून एक हात द्या, मग सगळीकडे.

तळाचा पत्रा अंगठ्यानं दाबून लवत असेल, तर तेवढ्या जागी रंगाचा खर्च करू नका. तिथे आधी नवा पत्रा वेल्ड करून घ्या.