मावशी, आम्ही ७१-२२ ने हरलो

"मावशी, मी १९ वर्षांची, आमच्या बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी. या सीझनमध्ये आम्ही एकच मॅच जिंकलोय. रविवारी ज्या टीमकडून हरलो तिच्यात माझी लहानपणीची मैत्रीण खेळते, दोन वर्षांआधी आमचं ग्राउंड सोडून तिकडे गेली. ४० ची लीड असूनही शेवटच्या क्वार्टरपर्यंत ते फुल कोर्ट प्रेस लावून होते, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवत होते. मी साइडलाइनने ड्रिबल करत निघाले की दोघी येऊन घेरायच्या. मला तो सरळसरळ अपमान वाटला. मॅच संपल्यावर ती भेटायला आली तर मी हातही न मिळवता निघून गेले. तिचे तीन मेसेज आलेत, उत्तर दिलं नाही. इकडे ग्रुपवर सगळ्या जणी आमच्या नवीन सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच पोरीवर, तुटून पडल्यात कारण तिच्या हातातून बॉल फार सुटला. मी गप्प आहे. खेळच सोडावासा वाटतो."
- पॉइंट गार्ड, नागपूर

अगं बापा, ४९ पॉइंटनी! लागणारच ना मनाला, त्यात समोर आपल्याच ग्राउंडची पोट्टी.

अपमानाचं आधी घेते, कारण तेच तुला जास्त टोचून राहिलं असं दिसतं. ४० च्या लीडवर प्रेस चालू ठेवणं मलाही काही फार शोभलं नाही, त्यांच्या कोचने बेंचवरच्या पोरी उतरवून सगळ्यांना मागे बोलावलं असतं तर त्यांचं काही जात नव्हतं. पण ते कोचने ठरवलं, तुझ्या मैत्रिणीने नाही. आणि समजा त्यांनी हळू खेळून, हसत हसत तुम्हाला दोन-चार लेअप मारू दिले असते तर? मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायची, एकदा समोरच्या टीमने आमची कीव करून मुद्दाम सर्व्हिस नेटमध्ये मारली होती, त्या मॅचचा स्कोअर मला आज आठवत नाही पण ती सर्व्हिस अजून आठवते, आठवली की अजून कान गरम होतात.

आता जरा कडू बोलते, रागावू नको. तुमच्या सेंटरच्या हातातून जे बॉल सुटले त्यातले तू दिलेले किती होते? माझा भाचा पोरांना बास्केटबॉल शिकवतो, त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं तर तो पहिलं हेच बोलला की साइडलाइनने गेली म्हणजे फसणारच, कारण ती रेषा म्हणजे समोरच्यांचा फुकटचा एक्स्ट्रा डिफेंडर. बॉल आत टाकायला ५ सेकंद, कोर्टची मधली रेषा पार करायला ८, एका बाजूला रेषा आणि दोन बाजूंनी दोन पोरी, मग तू घाबरून शेवटच्या क्षणी कसाही पास फेकणार, आणि तो तिच्या गुडघ्याजवळ नाहीतर डोक्यामागे जाणार. तसला पास कोणाच्याही हातातून सुटतो गं.

भाचा म्हणतो, प्रेस तोडायची तर उंच पोरीला मध्ये आणायचं, कोर्टच्या मधोमध, तिला पास वरून द्यायचा, तिने दोन्ही हातांनी डोक्याच्या वर पकडायचा, वळायचं आणि पुढे पळणाऱ्या पोरीला द्यायचा, ड्रिबल करत बसायचंच नाही. म्हणजे बघ, जिच्यावर सगळ्या तुटून पडल्या तिच्याचमुळे प्रेस तुटणार आहे.

आणि ग्रुपवर जे चाललंय ना ते मला सगळ्यात जास्त खटकलं. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा काढतो, इडा पिडा सगळी तिच्या डोक्यावर, "घेऊन जा गे मारबत" ओरडायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. मारबतीचं ठीक आहे, ती बांबू-कागदाची. तुमची सेंटर मात्र मोबाईल हातात घेऊन सगळं वाचून राहिली असेल. तू पॉइंट गार्ड आहेस, कोर्टवर तुझंच ऐकतात ना सगळ्या? मग आजच ग्रुपवर एक ओळ टाक, "त्यातले बरेच पास माझेच खराब होते." एवढंच, लांब भाषण नको. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ ती काय लावत असेल याचा विचार कर जरा.

खेळ सोडायचं सीझन संपल्यावर ठरव, आत्ता रागात नको. ज्याने हा खेळ काढला त्या नेस्मिथ साहेबांचाच कॅन्सस विद्यापीठात कोच म्हणून रेकॉर्ड ५५ जिंकल्या, ६० हरल्या असा आहे, भाच्याने सांगितल्यावर मी हसतच सुटले. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधली डेट्रॉइट पिस्टन्स टीम २०२३-२४ मध्ये लागोपाठ २८ मॅच हरली, अख्ख्या सीझनमध्ये ८२ पैकी १४ जिंकली, आणि पुढच्याच सीझनला ४४. पण ते आपोआप नाही झालं, कोच बदलला, अनुभवी शूटर आणले, पैसा ओतला. तुमच्याकडे कुठला आलाय पैसा, ग्राउंडवरच्या बोर्डाची नेट बदलायची म्हटलं तरी वर्गणी काढत असाल.

पण एक गोष्ट तुमच्याकडे फुकट आहे, तुझी ती मैत्रीण. ती रोज तीच प्रेस लावते. कुठे उभं राहिलं की त्यांची पंचाईत होते, त्यांच्यातली कोण लवकर थकते, तू पास द्यायच्या आधी कुठे बघतेस, हे सगळं तिला पाठ असणार, तुझी सवय तर तिला शाळेपासून माहीत. आपल्या टीमचं सगळं गुपित ती सांगणार नाही, तू विचारूही नको, बरं दिसत नाही ते. पण "मी कुठे चुकून राहिली?" एवढं तर विचारू शकतेस. तीन मेसेज केलेत तिने. खिजवायला कोणी तीन मेसेज करत नाही, पहिल्यालाच काम होतं.

तिला कदाचित तुमचं ग्राउंड सोडल्याचं वाईट वाटतही असेल, नसेलही, ते मला इथून काय कळणार. तू मात्र उद्या सकाळी फोन कर, मेसेज नको. "रविवारी हात मिळवायचा राहिला" एवढंच म्हण आणि तर्री पोह्याच्या ठेल्यावर बोलाव. तिथे पेपर नॅपकिनवर कोर्ट काढून घे तिच्याकडून, सेंटरलाही सोबत ने. पोह्याचे पैसे मात्र तिनेच द्यावे, जिंकली ती आहे.

- मावशी