मुलांचे हक्क सगळ्यांना सारखेच, मग काही मुलांचा वेगळा उल्लेख कशाला?

तुम्ही विचारलंय: ‘मुलांचे हक्क सगळ्यांना सारखेच असतात. मग एलजीबीटीआय आणि अल्पसंख्याक मुलांचं वेगळं नाव घेऊन भेद उलट वाढत नाही का? आणि मी शिक्षक आहे, मी नेमकं काय करायचं?’

मी शाळकरी मुलांची समुपदेशक आहे. हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकते, आणि विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. एलजीबीटीआय म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून स्वतःला वेगळं मानणारी) आणि आंतरलिंगी (जन्मतःच शरीर मुलगा किंवा मुलगी या ठरीव चौकटीत न बसणारी) मुलं.

वेगळे हक्क कोणी मागत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ सालचा. सदस्य देशांपैकी एकटी अमेरिका सोडली तर सगळ्यांनी तो स्वीकारलाय. त्याचं कलम २ सांगतं की वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, अपंगत्व, जन्म अशा कशावरूनही मुलात आणि मुलात भेद करायचा नाही. लैंगिक कल किंवा लिंगभाव (आपण मुलगा की मुलगी याची स्वतःची जाणीव) हे शब्द त्या यादीत नाहीत. पण यादी ‘किंवा अन्य कोणताही दर्जा’ असं म्हणून उघडी ठेवली आहे, आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी बालहक्क समिती समलिंगी, पारलिंगी, आंतरलिंगी मुलांना त्यात धरते. कलम ३० अल्पसंख्याक आणि मूळनिवासी मुलांना आपली भाषा, धर्म, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम २ मधली आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: आईवडिलांचा दर्जा किंवा मतं यांवरूनही मुलाला त्रास होता कामा नये. म्हणजे समलिंगी जोडप्याच्या, दोन आई असलेल्या घरातलं मूलही यात आलं.

आता ‘सगळ्यांना सारखं’ याविषयी. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात १९९०च्या दशकात रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातलं जायचं. कायद्यात ‘रोमा’ हा शब्द नव्हता. बुद्धिमत्ता चाचणी सगळ्यांना एकच, नियम एकच, पालकांची सहीसुद्धा घेतलेली. पण चाचणी बेतलेली होती बहुसंख्य समाजातल्या मुलांवरून. मुलांच्या बाजूने पुढे न्यायालयात दिलेल्या आकडेवारीनुसार शहरातल्या प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा सव्वादोन टक्के, आणि विशेष शाळांत मात्र निम्म्याहून अधिक. १८ मुलांची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. आधीच्या पीठाने २००६ मध्ये ती फेटाळली. २००७ मध्ये मोठ्या पीठाने निकाल फिरवला: कोणाचा वाईट हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम भेदभावाचाच आहे, आणि मुलाला भेदभाव न होण्याचा जो हक्क आहे तो पालकांच्या सहीने सोडून देता येत नाही. सहीविषयीचं हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण शाळा हात झटकतात त्या नेहमी सहीच्याच जोरावर.

तेव्हा मुलाला त्रास कशावरून होतो याचं नाव घेतलं नाही तर भेद मिटत नाही, फक्त कागदावरून जातो. हे मी रोज पाहते. शाळेतलं तक्रारींचं रजिस्टर उघडून बघा. तारीख, इयत्ता, नावं, घडलेला प्रकार, केलेली कारवाई. ‘प्रकार’ या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘मुलांमध्ये चेष्टामस्करी’. कारवाई: ‘दोघांनाही समज दिली’. दोघांना! ज्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल करून हैराण केलं त्यालाही. मुलगी तिच्या धर्मावरून टोमणे खात होती की भाषेच्या हेलावरून, हे कुठेच नाही. वर्षाअखेरीस मुख्याध्यापक मनापासून सांगतात, ‘आमच्याकडे असला भेदभाव होत नाही.’ त्यांच्या रजिस्टरप्रमाणे खरंच होत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या जेमी नाबोझ्नी या मुलाने वर्षानुवर्षं मारहाण सोसली, तक्रारी केल्या, आणि त्याला ऐकवलं गेलं की उघडपणे समलिंगी वागलास तर हे होणारच. १९९६ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने विचारलेला मुद्दा साधा होता: मुलींना त्रास झाला की शाळा कारवाई करते, मग या मुलाच्या वेळी का नाही? तो विशेष वागणूक मागतच नव्हता. इतरांना मिळतं तेवढंच संरक्षण मागत होता.

मात्र या दोन्ही गटांतल्या मुलांना एकाच पद्धतीने हाताळू नका. अल्पसंख्याक समाजातल्या मुलीला वर्गात कोणी बोललं तर ती निदान घरी जाऊन सांगू शकते. आईने, मावशीने तेच सोसलेलं असतं. समलिंगी किंवा पारलिंगी मुलाच्या घरात बहुधा त्याच्यासारखं दुसरं कोणी नसतं, आणि कित्येकदा सगळ्यात मोठी भीती घरचीच असते. ‘तुमच्या मुलाशी जरा बोला’ असा शिक्षकांनी काळजीपोटी केलेला एक फोन त्या मुलाला मारहाणीपर्यंत किंवा रस्त्यावर नेऊ शकतो. खासगीपणाचा हक्क, बालहक्क कराराचं कलम १६, मुलांनाही आहे. ज्या मुलाच्या वाट्याला दोन्ही आलंय त्याचं तर आणखी अवघड: आपल्या समाजाला लोक आधीच नावं ठेवतात, त्यांच्या हाती नवं कोलीत कशाला द्या, म्हणून ते बाहेरही गप्प राहतं.

आंतरलिंगी बाळांचा प्रश्न शाळेच्या बऱ्याच आधी सुरू होतो. शरीर ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ या चौकटीत बसावं म्हणून, तब्येतीला धोका नसतानाही, लहानपणीच शस्त्रक्रिया केल्या जातात. माल्टाने २०१५ मध्ये कायद्याने यावर बंदी आणली: मूल स्वतः समजून संमती देईपर्यंत थांबता येत असेल, तर थांबायचं. बालहक्क समितीनेही २०१६ मध्ये किशोरवयीन मुलांविषयीच्या मार्गदर्शनात अशा सक्तीच्या शस्त्रक्रिया आणि लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार, दोन्हींचा निषेध केला.

आता तुमच्या कामाचं. रजिस्टरमध्ये ‘कशावरून’ हा एक रकाना वाढवून घ्या आणि तो मोकळा सोडू नका. ज्याला त्रास झाला त्याचीच बाक, तुकडी किंवा खेळ बदलू नका. शिक्षा त्यालाच होते आणि वर्गाला ती बरोबर कळते. ‘जरा नीट चाल, म्हणजे कोणी बोलणार नाही’ हा सल्लाही त्यातलाच. जगात काही घडलं की त्या धर्माच्या मुलाकडे वळून ‘तुमच्यात काय म्हणतात यावर?’ असं विचारू नका; ते आठवीतलं मूल आहे, प्रवक्ता नाही.

पाण्याच्या बाटल्यांकडे लक्ष असू द्या. घरून भरून आणलेली बाटली रोज तशीच परत जात असेल, तर ते मूल बहुधा स्वच्छतागृहात जाणं टाळतंय. तिथे त्याला कोणीतरी गाठतं, किंवा कोणत्या दारातून आत जायचं हेच त्याला ठरवता येत नाही. ‘काय झालं?’ असं विचारलंत तर ‘काही नाही’ हेच उत्तर येईल. ‘शाळेत कुठे जायला नको वाटतं?’ असं विचारा. बोट बरोबर त्या जागेकडे जातं. मग आतून कडी लागणारं, मोठ्यांची नजर असलेल्या जागेतलं एखादं स्वच्छतागृह त्याला वापरू द्या, तेही गाजावाजा न करता.

आणि कधी एखाद्याने विश्वासाने स्वतःविषयी सांगितलंच, तर पटकन उपदेश नको, ‘हे वयच असं असतं’ नको, आणि घाईघाईने अतिउत्साही पाठिंबाही नको. ऐकून घ्या. मग दोन गोष्टी विचारा: हे अजून कोणाला माहीत आहे, आणि कोणाला कळता कामा नये? उत्तर कुठेही लिहून ठेवू नका. जिवाला धोका दिसला, स्वतःला इजा करण्याची भाषा आली किंवा कोणी अत्याचार करत असल्याचं कळलं, तर मात्र गप्प बसता येत नाही. पण तेव्हाही कोणाला सांगणार आहात, किती सांगणार आहात, हे आधी त्या मुलाला सांगा. धोका घरातूनच असेल तर पहिला फोन घरी करायचा नाही, बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला करायचा.