पोलंड महिन्याभरात पडला, मग पोलिश वैमानिक पुढची पाच वर्षं लढले कुणासाठी?

लढले ते पोलंडसाठीच, फक्त धावपट्ट्या दुसऱ्यांच्या होत्या. स्तानिस्वाव स्काल्स्की या एका वैमानिकाची हकिगत सांगतो, त्यात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

१ सप्टेंबर १९३९, दुसऱ्या महायुद्धाचा पहिलाच दिवस. स्काल्स्की २३ वर्षांचा. त्याचं पी-११ विमान म्हणजे उघडं कॉकपिट आणि आत न घेता येणारी चाकं. त्या दिवशी एक जर्मन टेहळणी विमान गोळ्या लागून शेतात उतरलं. स्काल्स्कीने आपलंही विमान शेजारी उतरवलं आणि आतल्या दोघा जखमी जर्मनांना मलमपट्टी केली. मला हा माणूस आवडायला लागला तो इथपासून. पुढच्या काही दिवसांत त्याने एवढी विमानं पाडली, की दोस्त राष्ट्रांचा पहिला 'एस' (पाच विमानं पाडणारा) म्हणून त्याचंच नाव घेतात.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या आणि सगळंच संपलं. वैमानिकांनी रुमानियाची हद्द ओलांडली. स्काल्स्की तिथून बैरूत, मग फ्रान्स असं करत जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनला पोचला.

ब्रिटिशांना सुरुवातीला या मंडळींचा भरवसा नव्हता. इंग्रजी येत नाही, सवय किलोमीटरची आणि समोरची तबकडी मैलांची. थ्रॉटलची सवयही उलटी: वेग वाढवायला पोलंडमध्ये मागे ओढायची, इथे पुढे ढकलायची. शिवाय उतरताना चाकं बाहेर काढायची असतात हेच हाताला ठाऊक नव्हतं. लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावर ३०३ या पोलिश स्क्वाड्रनच्या (हवाई तुकडीच्या) मुरलेल्या वैमानिकांना तीनचाकी सायकलींवर रेडिओ लावून मैदानात फिरवलं, का तर इंग्रजीतले हुकूम कळावेत! त्याच स्क्वाड्रनने पुढे सहा आठवड्यांत १२६ विमानं पाडल्याची नोंद केली.

स्काल्स्की ५०१ या ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये गेला. ५ सप्टेंबर १९४० ला त्याच्या हरिकेन या लढाऊ विमानाने पेट घेतला, तो भाजला, पॅराशूटने वाचला आणि काही आठवड्यांत पुन्हा उडायला लागला. १९४३ मध्ये ट्युनिशियात निवडक पोलिश वैमानिकांची तुकडी त्याच्याकडे होती. लोक तिला 'स्काल्स्कीची सर्कस' म्हणत. त्यानंतर ६०१ या ब्रिटिश स्क्वाड्रनची कमान त्याला मिळाली. युद्धानंतरच्या अधिकृत पोलिश यादीत त्याच्या नावावर १८ पूर्णांक ११/१२ विमानं आहेत. हा अपूर्णांक का, तर एक विमान दोघातिघांनी मिळून पाडलं की श्रेयही वाटून घ्यायचं.

आता तुमच्या 'कुणासाठी'बद्दल. स्काल्स्की वाढला तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या दुब्नोत. युद्ध जिंकल्यावर तो सगळा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला, म्हणजे ज्या घरासाठी लढले ते घरच राहिलं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ राहिलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांचीही हीच गत. त्यातले पुष्कळ जण याच भागातून सैबेरियात हाकलले गेले होते. छावणी मोडली तरी परत जायला गाव नव्हतं. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं मोठं संचलन झालं. पश्चिमेत लढलेल्या पोलिश फौजेला बोलावणं नव्हतं, फक्त २५ वैमानिकांना होतं. बाकीच्यांना वगळलंय म्हटल्यावर तेही गेले नाहीत.

बरेच जण ब्रिटनमध्येच राहिले. स्काल्स्की मात्र १९४७ मध्ये पोलंडला परतला. १९४८ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली त्याला धरलं, छळ केला आणि फाशी सुनावली. पुढे फाशीची जन्मठेप झाली. जर्मनांच्या हाती तो एकदाही लागला नव्हता, आणि तुरुंगात आठ वर्षं काढली ती स्वतःच्या देशात. १९५६ मध्ये तो निर्दोष सुटला, आणि परत पोलंडच्याच हवाई दलात रुजू झाला.