नक्कल सिद्ध होईल, पण नोंदणी टिकेल का?

भोसरी एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे, सोबत दोन नमुने. बहिणीला रात्रपाळीहून परतताना हाताशी काहीतरी असावं म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमची, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची कांडी बनवली. साडेपाच इंच लांबी, पकडीसाठी सहा खाचा, वरच्या टोकाला अंगठा टेकवायला तिरका खळगा. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेला त्यांनी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला. दिवाळीपर्यंत सहाशे नग विकले. डिसेंबरात डिझाइन नोंदणीचा अर्ज केला, प्रमाणपत्रही मिळालं. आता हुबेहूब तशीच कांडी ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळते आहे. नोटीस पाठवू की थेट दावा लावू, असं ते विचारतात.

दोन्ही कांड्या मी खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. तुमच्या कांडीतली तिसरी खाच बाकीच्यांपेक्षा जराशी रुंद आहे. टूल झिजलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. नक्कल करणाऱ्याच्या कांडीतही तिसरीच खाच रुंद आहे. म्हणजे त्याने तुमचाच नग समोर ठेवून माल काढला, यात मला शंका नाही. याच पुराव्यावर तुमची सगळी भिस्त आहे. पण निकाल या खाचेवर लागणार नाही. तो ऑगस्ट आणि डिसेंबर यांच्यामधल्या चार महिन्यांवर लागेल.

डिझाइन कायदा, 2000 चं कलम 4 वाचा. अर्जाच्या तारखेआधी जे डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही लोकांसमोर आलं, ते नोंदणीला पात्र नाही. ते लोकांसमोर दुसऱ्याने आणलं की तुम्ही स्वतः, याने काही फरक पडत नाही. ‘माल माझाच, व्हिडिओ माझाच, मग माझ्याविरुद्ध कसा जाईल?’ असं तुम्ही लिहिलंय. जातो. मोबाइल स्टँडपासून देव्हाऱ्यापर्यंत किती कारागीर याच ठिकाणी हक्क गमावून माझ्याकडे आले, आणि प्रत्येकाने आधी बाजार पाहिला, अर्ज नंतर केला. एकट्या व्यक्तीला अर्जाची फी हजार रुपये आहे. सहाशे नगांचा माल घालण्याआधी एवढं करायला हवं होतं, हे मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

प्रमाणपत्र मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. अर्ज तपासणाऱ्याला तुमचा राखीपौर्णिमेचा व्हिडिओ दिसलाच असेल असं नाही, पण प्रतिवादीचा वकील तो पहिल्याच आठवड्यात शोधून काढेल. कलम 19 खाली नोंदणी रद्द करून घेता येते, आणि रद्द करण्याची तीच कारणं कलम 22(3) प्रमाणे तुमच्या दाव्यात बचाव म्हणून मांडता येतात. तसा बचाव घेतला की कलम 22(4) नुसार दावा पुण्याच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात जातो. तिथला अंतिम निकाल यायला किती वर्षं लागतात, हे मी रोज पाहतो आणि दरवेळी संताप होतो. डिझाइनचा हक्क दहा वर्षांचा, वाढवून पंधरा. त्यातली निम्मी तारखांमध्ये गेली तर छोट्या वर्कशॉपवाल्याच्या हाती काय उरलं? म्हणून अशा प्रकरणात खरा कस अंतरिम मनाईला, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या बंदीला लागतो, आणि नोंदणीच्या वैधतेवर सकृद्दर्शनी ठोस शंका दिसली तर ती मनाई मिळत नाही.

तेव्हा आधी मला एवढंच कळवा: त्या व्हिडिओत नक्की काय दिसतं? कांडी मुठीत झाकलेली असेल, वरचा खळगा कुठल्याच फ्रेममध्ये नीट दिसत नसेल, तर बोलायला जागा आहे. व्हिडिओ नुसत्या घरच्यांपुरता होता, की अकाउंट सगळ्यांना खुलं होतं? पण दिवाळीआधी विकलेले नग तर लोकांच्या हातात गेले, तेव्हा फार आशा लावू नका. विश्वासाने, गुप्तता राखायच्या बोलीवर कुणाला दाखवलं असतं तर कलम 16 मदतीला आलं असतं. विक्रीला ते लागू होत नाही.

व्हिडिओ डिलीट करू नका. त्याचे स्क्रीनशॉट समोरच्याकडे असतील असंच धरून चाला. पुरावा लपवून मनाई मागणारा पक्षकार न्यायाधीशांच्या मनातून उतरतो, आणि मग पुढचं काहीच सावरता येत नाही.

‘ड्रॉइंग माझ्या हातचं, म्हणून कॉपीराइट तरी आहेच’, हा दुसरा आधारही कच्चा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 15(2) सांगतं की नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी नसेल आणि त्यावरून पन्नासहून जास्त वस्तू कारखान्यात काढल्या, तर त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. तुमची नोंदणी रद्द झाली तर हेच कलम आडवं येऊ शकतं, कारण तुम्ही सहाशे काढल्या. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस प्रकरणात या कलमाची चर्चा केली आहे. ती तुमच्या ड्रॉइंगला कितपत लागू पडेल हे कागद पाहूनच सांगेन, पण मोठा भरवसा नको.

आणखी एक अडचण. अशी खाचांची छोटी कांडी जगाला नवी नाही. कराटे-शिक्षक ताकायुकी कुबोता यांची ‘कुबोटन’ 1970 च्या दशकापासून माहीत आहे, तीही साधारण साडेपाच इंचांचीच. शिवाय डिझाइन म्हणजे डोळ्यांना दिसणारं रूप, पकड बसवण्याची युक्ती त्यात येत नाही. तुमचं म्हणण्यासारखं जे आहे ते त्या तिरक्या खळग्यात.

नोटीस एवढ्यात पाठवू नका. कमकुवत नोंदणीच्या जोरावर धमकी दिली तर डिझाइन कायद्याच्या कलम 23 मुळे समोरचाच तुमच्यावर बिनबुडाच्या धमकीचा दावा आणू शकतो.

तुमच्या बाजूने अजून उभं राहील ते नाव आणि वेष्टन. नक्कल करणाऱ्याने तुमचा पिवळा-काळा पुठ्ठाही उचललेला दिसतो. आपला माल तुमचा म्हणून खपवणं याविरुद्धचा दावा डिझाइन नोंदणीवर अवलंबून नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2013 मध्ये मोहनलाल प्रकरणात तसा मार्ग मोकळा ठेवला. गिऱ्हाइकं फसली याचा पुरावा मात्र लागेल. चुकून दुसऱ्याचा माल घेतलेल्यांचे मेसेज जपून ठेवा आणि नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज याच आठवड्यात करा. पुठ्ठ्यावरचं ‘कुठेही बिनधास्त बाळगा’ हे वाक्यही काढा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) चे आदेश लागू असताना इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगण्यावर बंदी असू शकते. ते वाक्य वाचून घेणाऱ्या मुलीला नाक्यावर अडवलं, तर तिने काय सांगायचं?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की खळग्याचा आकार बदललेली, दुहेरी कडांची नवी कांडी पुढच्या महिन्यात पुण्यातल्या प्रदर्शनात मांडणार आहात. ते वाचून मी लगेच फोन केला, तुम्ही उचलला नाही. प्रदर्शनासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि तीही आगाऊ नोटीस दिली तरच. तिच्या भरवशावर राहू नका. नव्या कांडीचे सगळ्या बाजूंचे फोटो मला उद्या द्या. अर्जाची पावती हातात येईपर्यंत ती व्हॉट्सॲपच्या डीलर ग्रुपवरसुद्धा टाकू नका.