कॉलेजच्या ओपीडीत शिकणाऱ्या मुलींकडून मुलाची स्पीच थेरपी करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सुटे शब्द बोलतो पण वाक्य जुळवत नाही. डॉक्टरांनी स्पीच थेरपी सुचवली आहे. खासगी सेंटरची फी आठवड्यातून तीनदा परवडत नाही, कॉलेजच्या ओपीडीत ती बरीच कमी आहे. पण तिथे थेरपी एम.एस्सी.च्या मुली घेतात, आणि सासूबाई म्हणतात, "आपल्या पोरावर कुणी कशाला हात साफ करायचा?"

मी पुण्यात याच विद्यार्थ्यांना शिकवते, तेव्हा माझं मत थोडं त्यांच्या बाजूला झुकलेलं धरूनच वाचा. माझं उत्तर आहे, द्या. मात्र दोन गोष्टी बघून घ्या. त्या मुलीच्या कामावर लक्ष कोण ठेवतं, आणि थेरपी चालू असताना तुम्हाला आत बसवतात की बाहेरच्या बाकावर.

'विद्यार्थिनी' या शब्दाने तुमच्या सासूबाई घाबरल्या असतील, पण बारावी होऊन आलेली मुलगी तुमच्या मुलासमोर एकटी बसत नाही. बीएएसएलपी हा ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यानंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. म्हणजे एम.एस्सी.ची मुलगी आधीच बरीच मुलं हाताळून आलेली असते. या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तसा 1992चा कायदाच आहे. उलट शहरात पाटीवर 'स्पीच थेरपी' लिहिलेलं असतं आणि आत बसलेल्या व्यक्तीने चार-सहा शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेला असतो, असंही दिसतं. त्यामुळे खासगी ठिकाणी गेलात तरी नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आता आत काय चालतं ते. चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवशी बोलण्याचा विषयच निघत नाही, आधी कान तपासायला पाठवतात. "ऐकू येतं हो त्याला, टीव्हीवर जाहिरात लागली की स्वयंपाकघरातून पळत येतो," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की विद्यार्थिनी ते न विचारताच फाइलमध्ये लिहितील! पण जाहिरातीचा आवाज ऐकू येणं वेगळं आणि 'स', 'श', 'फ' हे बारीक ध्वनी ऐकू येणं वेगळं. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी मुलाला सगळं दबकं ऐकू येतं. म्हणून गरज वाटली तर बेरा तपासणीसुद्धा करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते डोक्याला तारा लावून बघतात. हे न करता कुणी थेट थेरपी सुरू केली, तर शिकाऊ असो की अनुभवी, तिथून उठा.

मग येते घरची माहिती, आणि इथे विद्यार्थिनींची पहिली कसोटी लागते. आई एक सांगते, आजी दुसरंच. "ह्याचा बाबापण चार वर्षांनी बोलायला लागला", "गुटीत वेखंड रोज उगाळायला हवं होतं, ह्यांनी ऐकलं नाही", "जीभ जड आहे त्याची". नवी मुलगी यातलं प्रत्येक वाक्य खोडून काढायला जाते. दुसऱ्या वर्षापर्यंत तिला कळतं की दिवसभर मुलाजवळ आजीच असणार आहे आणि ती रुसली तर घरी काहीच होणार नाही. वेखंडावर वाद न घालता आजीकडून 'दुपारी तो झोपायच्या आधी तुम्ही त्याच्याशी काय बोलता?' हे काढून घेणं, हे कुठल्या पेपरात विचारत नाहीत, पण मी त्यावर बरंच जोखते.

प्रत्यक्ष थेरपीत जवळजवळ प्रत्येक नवी विद्यार्थिनी एकच गोष्ट करते: प्रश्नांचा भडिमार. "हे काय आहे? हा कुठला रंग? माऊ कशी करते? सांग ना, सांग!" मूल गप्प होतं आणि ती आणखी विचारते. तपासनीस म्हणून आम्ही एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात बसून मोजत असतो, प्रश्न किती आणि नुसती वाक्यं किती. नंतर तिला तिचाच व्हिडिओ दाखवतो. मग हळूहळू ती गाडी हातात घेऊन "गाडी चालली... गाडी थांबली" एवढंच म्हणते आणि वाट बघते. हे वाट बघणं भयंकर कठीण असतं. बाहेर आईवडील पैसे भरून बसलेत आणि आपण आत गप्प, हे विशी-बाविशीच्या मुलीला सहन होत नाही. मुलाने "गाई" म्हटलं की "हो, गाडी! लाल गाडी" असं एक पायरी वाढवून परत द्यायचं. त्याला 'चुकलं' म्हणायचं नाही.

काचेतून बघितलं तर तुम्हालाही वाटेल की ह्या नुसत्या खेळतायत. तेव्हा थेरपी संपल्यावर फाइल मागा. आजचं उद्दिष्ट काय होतं, दहा संधींपैकी किती वेळा मुलाने स्वतःहून मागितलं, किती वेळा मदत लागली, हे तिथे लिहिलेलं असतं. 'मुलाचं बोलणं सुधारेल' असं उद्दिष्ट लिहिलं की मी वही परत देते. 'दोन शब्द जोडून मागणी करेल, जसं आई दे, पाणी हवं' असं असलं पाहिजे. एका अर्थी विद्यार्थिनीकडे जाण्याचा हा फायदाच आहे. तिला प्रत्येक पायरीचं कारण कुणालातरी सांगावं लागतं. वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्याला कोण विचारतं?

मराठीचा वेगळा पेच आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलते. पुस्तकं इंग्रजी, चाचण्या बऱ्याचशा इंग्रजी मुलांवरून बेतलेल्या, आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या मुली केरळपासून दिल्लीपर्यंतच्या. इंग्रजी चाचणीत 'ळ' नाही, 'ण' नाही, 'भ' आणि 'झ' नाहीत. मूल किती मोठी वाक्यं बोलतं हे शब्द मोजून काढायची सवय झालेली मुलगी 'बाबाच्या गाडीत' याला दोन शब्द म्हणते. पण त्या दोन शब्दांत मुलाने 'च्या' आणि 'त' असे दोन प्रत्यय बरोबर लावलेत, ते तिला दिसायला हवेत. म्हणून अमराठी विद्यार्थिनीबरोबर एक मराठी विद्यार्थिनी बसवावी लागते.

त्यातच 'पानी'चं प्रकरण. ज्या घरात सगळेच 'पानी', 'लोनी' म्हणतात, त्या घरातलं मूल 'पानी' म्हणालं तर तो दोष नाही. ती त्याची बोली आहे आणि तिच्यावर थेरपी करायची नसते. पुण्यात हे पटवणं सोपं नाही. काही विद्यार्थिनी आणि बरेच पालक 'ण' दुरुस्त करायलाच बसतात. घरचे 'ण' म्हणतात, बरोबरीची मुलं म्हणतात आणि हा एकटाच म्हणत नाही, तेव्हा बघू.

तुम्ही खाली लिहिलंय की प्ले-स्कूलच्या टीचरनी घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितलंय. तसं करू नका. दोन भाषा ऐकल्याने मुलाला भाषेचा दोष जडत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाडावता, गाणी म्हणता, त्याच भाषेत बोला. तुम्ही अडखळत इंग्रजी बोललात तर त्याच्या कानावर पडणारं बोलणं उगाच तोकडं होईल.

तोट्यांबद्दलही सांगते. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे मुली बदलतात. पोस्टिंग संपतं, परीक्षा येतात, आणि तुमचा मुलगा ज्या ताईला ओळखायला लागला ती निघून जाते. साधारण मुलाला चार दिवस जातात, स्वमग्न मुलाला मात्र हा बदल फार जड जाऊ शकतो. नवी आणि जुनी विद्यार्थिनी शेवटची काही सत्रं एकत्र घेतात का, हे विचारा. दुसरं, मुलाला गिळायला त्रास असेल, खाताना ठसका लागत असेल किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर अनुभवी थेरपिस्ट स्वतः हाताळत असेल तिथेच जा. तुम्ही सांगितलंय त्यावरून तसं काही दिसत नाही.

देखरेखीचा अंदाज यावा म्हणून सांगते. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्याला 400 तासांचा अनुभव लागतो. त्यात 25 तास नुसतं निरीक्षण, उरलेलं प्रत्यक्ष काम, आणि प्रत्येक रुग्णाबरोबरच्या वेळेचा किमान चौथा हिस्सा तरी तपासनीसाच्या नजरेखाली जावा लागतो. इथे तुम्ही साधं विचारा, "मॅडम आठवड्यातून किती वेळा स्वतः बघतात?" उत्तर देताना रिसेप्शनवरची मुलगी चाचरली तर काय ते कळेल.

फुगे फुगवायला, शिट्टी वाजवायला आणि ओठांना मध लावून जीभ फिरवायला देणं हीच थेरपी असेल, तर कारण विचारा. फुंकर मारण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात असा भक्कम पुरावा नाही. बोलणं बोलण्यानेच येतं. काही मुलींना हे जुन्या वह्यांतून मिळालेलं असतं आणि मोडायला वेळ लागतो.

फी हाच मुख्य अडसर असेल तर औंधच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून चालू आहे आणि त्यात जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या विकासातल्या अडचणींसाठी केंद्रं आहेत. रांग असते, पण पैसे लागत नाहीत.

कॉलेजला जायचं ठरवलंत तर सकाळची वेळ मागा, दुपारी तो पेंगेल. शक्य असेल तर सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांनाही आत बसू द्या, कारण घरी ते सगळं त्यांनाच करायचंय. परीक्षेच्या काळात ओपीडी किती दिवस बंद असते तेही आधीच विचारून घ्या आणि तेवढ्या दिवसांचा घरचा अभ्यास मराठीत लिहून मागा.