मोटरीच्या केबलला कोणता पाईप घालावा?

प्रश्न : शिरोळ भागात नदीकाठाला आमचा ऊस आहे. स्टार्टरच्या पेटीपासून मोटरीपर्यंतची केबल सरीतून उघडीच टाकली आहे. उंदीर कुरतडतात, पाचट पेटवलं तेव्हा ती जळालीही. लोखंडी पाईप घालू की प्लॅस्टिकचा?

उत्तर : दोन्ही लागतील, पण आपापल्या जागी. आधी केबल जमिनीखाली घ्या, पाऊण मीटर म्हणजे अडीच फूट खोल. तिथवर नांगराचा फाळ सहसा जात नाही.

जमिनीखाली दुहेरी भिंतीचा एचडीपीई (चिवट प्लॅस्टिकचा) पाईप घ्या. तो बाहेरून कड्याकड्यांचा आणि आतून गुळगुळीत असतो. काळ्या मातीचा दाब सोसतो, गंजत नाही. त्यावर भारतीय मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस 16205 (भाग 24) किंवा जुना आयएस 14930, छापलेला बघूनच पैसे द्या. ड्रिपची जुनी नळी पातळ असते, ती नकोच. आतला व्यास केबलच्या जाडीच्या निदान पावणेदोन पट हवा, नाहीतर ओढताना केबल सोलते. पाईपची दोन्ही तोंडं बंद करा, उंदीर तिथूनच शिरतात.

केबल जमिनीतून वर येते तिथे आणि पेटीपाशी मात्र जाड जीआय पाईप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) बसवा. खोरं, बैलाचा पाय, ट्रॅक्टरचा धक्का तिथेच बसतो. यात दोन गोष्टी जिवाच्या आहेत. तिन्ही फेज, म्हणजे करंटच्या तिन्ही तारा, एकाच लोखंडी पाईपमधून न्या. एकेक फेज वेगळ्या पाईपमधून नेली तर पाईप तापतो. आणि त्या पाईपला अर्थिंग करा. आत केबल सोलली तर अर्थिंग नसलेल्या पाईपमध्ये करंट उतरतो, आणि ओल्या हाताने त्याला धरणारा घरातलाच कोणीतरी असतो. शेतभर लोखंडी पाईप टाकायला मी म्हणूनच सांगत नाही. शिवाय तो ओल्या मातीत गंजतो.

पाचट पेटवू नका. सरीत कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, केबलही वाचते.

2019 आणि 2021 चे महापूर तुम्ही पाहिलेच आहेत. पुरात पाईपमध्ये पाणी शिरणारच, हे धरून चाला. त्यामुळे पाईपच्या आत केबलला जोड देऊ नका. अखंड केबल घ्या. पेटी पुराच्या पातळीच्या वर ठेवा. पाणी चढायला लागलं की पुरवठा बंद करून घ्या. पूर ओसरल्यावर परवानाधारक वायरमनकडून केबल आणि मोटर मेगरने (आवरणातून करंट गळतो का ते दाखवणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, मगच स्टार्टरला हात लावा.